उतारावर थंड राहिलेली चाकं: रिजनरेटिव्ह ब्रेकने मार्गाची क्षमता वाढते का?

प्रश्न असा आहे. घाटातला एकेरी, विद्युतीकृत मार्ग आहे, मालगाड्यांची गर्दी आहे, दुसरी लाइन टाकणं नजीकच्या काळात शक्य नाही. नवी इंजिनं रिजनरेटिव्ह ब्रेकची, म्हणजे ब्रेक लावताना मोटरने वीज बनवून ती तारेत परत देणारी, येणार आहेत. त्यांनी वीज वाचेल हे सगळेच सांगतात. पण त्याच रुळावरून जास्त गाड्या काढता येतील का, आणि येतील तर नेमक्या कशामुळे?

येतील. त्यात वाचलेल्या विजेचा वाटा मात्र दुय्यम आहे. खरा फायदा होतो तो वाघिण्यांची चाकं उतारावर थंड राहिल्यामुळे. चढ-उतारांवरच्या मालगाड्यांच्या ब्रेक चाचण्या आणि त्यांची वेळापत्रकं यांतच माझी नोकरी गेली. तिथे वीज-बचतीचे तक्ते भरपूर पाहिले. चाकाच्या तापमानाचा तक्ता मागणारे फार थोडे भेटले. म्हणून सुरुवात चाकापासूनच करतो.

हिशेब मांडून बघा. भरलेल्या ४० वाघिण्या, प्रत्येकी ७५ टन. सहा आसांची तीन इंजिनं, प्रत्येकी १२५ टन. एकूण वजन सुमारे ३,४०० टन. उतार ५० ला १, लांबी १५ किलोमीटर, म्हणजे गाडी ३०० मीटर खाली येणार. या उतारावर गुरुत्वाकर्षण तिला साधारण ६७० किलोन्यूटन जोराने ओढत असतं. चाकांचा, वळणांचा, हवेचा विरोध मिळून त्यातले ७० किलोन्यूटन आपोआप वजा होतात. उरलेले ६०० किलोन्यूटन कोणीतरी सतत धरून ठेवावे लागतात, नाहीतर वेग वाढतच जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाला ६०० किलोन्यूटन म्हणजे ६.७ मेगावॅट.

इंजिनात विजेचा ब्रेक नसेल तर हे ६.७ मेगावॅट वाघिण्यांच्या ब्रेक ब्लॉकमधून चाकांत जाणार. ३२० चाकांवर वाटले तर प्रत्येकी २१ किलोवॅट. खोली गरम करणारे २ किलोवॅटचे दहा हीटर एकेका चाकाला बांधून वीस-बावीस मिनिटं चालू ठेवल्यासारखं हे आहे. शिवाय ही झाली सरासरी. प्रत्यक्ष गाडीत काही वाघिण्यांचे ब्रेक घट्ट पकडतात, काहींचे नावापुरतेच लागतात, आणि घट्ट पकडणाऱ्या चाकांवर दुप्पट भार येतो. ब्लॉक तापला की त्याची पकड घसरते. चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या पृष्ठभागावर उष्णतेच्या बारीक भेगा पडतात. वरून बसवलेलं टायर असेल तर ते प्रसरण पावून सैल होतं. अखंड चाक असेल तर थंड झाल्यावर त्याच्या कडेत ताण साठून राहतो, आणि तो पुढे कधीतरी भेगेच्या रूपाने बाहेर येतो.

यावर जुना उपाय एकच: हळू उतरा. ताशी २० ला तीच उष्णता निम्म्या दराने तयार होते आणि चाकाला ती हवेत सोडायला वेळ मिळतो. घाट उतरायच्या वेगमर्यादा कमी असतात त्यामागे बऱ्याचदा वळणांइतकंच हे कारण असतं, आणि वेळापत्रक करणाऱ्याला ते माहीतही नसतं.

हे ब्लॉक चाकांवर दाबणाऱ्या हवेच्या ब्रेकची आणखी एक अडचण आहे. ब्रेक पाइपमधला दाब कमी केला की ब्रेक लागतो. सोडायचा तर दाब पुन्हा भरावा लागतो आणि प्रत्येक वाघिणीखालची टाकीही भरावी लागते. मालगाडीच्या पद्धतीत ब्रेक सिलिंडर भरायला १८ ते ३० सेकंद आणि रिकामा व्हायला ४५ ते ६० सेकंद ठरलेले असतात. लांब उतारावर ब्रेक लावा-सोडा करत आलात आणि टाक्या पुऱ्या भरायच्या आत पुन्हा ब्रेक मारलात, तर तो आधीपेक्षा कमजोर लागतो. तिसऱ्यांदा आणखी कमजोर. उत्तर अमेरिकेतल्या वाघिण्यांवर यासाठी रिटेनर नावाचे, ब्रेक सोडल्यावरही सिलिंडरमध्ये थोडा दाब धरून ठेवणारे छोटे व्हॉल्व असत. माथ्यावर गाडी थांबवून एकेका वाघिणीचा व्हॉल्व हाताने फिरवायचा, मध्येच चाकं निववायला थांबायचं, पायथ्याशी पुन्हा थांबून सगळे व्हॉल्व परत फिरवायचे. प्रत्येक थांब्याला एक लाइन अडून राहते, हे क्षमतेच्या हिशेबात धरा.

आता तीच गाडी रिजनरेटिव्ह ब्रेकवर आणा. मोटर गाडीला ओढायच्या ऐवजी गाडीच मोटरला फिरवते, मोटर जनित्र होते, वीज इंजिनाच्या छतावरच्या, तारेला टेकणाऱ्या पेंटोग्राफमधून तारेत जाते. ६०० किलोन्यूटन तीन इंजिनांत वाटले तर प्रत्येकी २०० येतात. १२५ टनांच्या इंजिनाला त्यासाठी ०.१६ इतकी रुळाची पकड लागते आणि ती बऱ्या रुळावर, वाळूच्या मदतीने मिळते. गंमत अशी की हीच गाडी वर न्यायला ७४० किलोन्यूटन लागले होते. चढताना गुरुत्वाकर्षण अधिक विरोध. उतरताना गुरुत्वाकर्षण उणे विरोध. त्यामुळे जी इंजिनं गाडी वर नेतात, त्यांच्यात ती धरून खाली आणायचं बळ बहुतेक वेळा असतंच. वाघिण्यांची चाकं या सगळ्यात नुसती फिरत असतात.

एक घाट अशा गाडीबरोबर मी पहिल्यांदा उतरलो तेव्हाचं आठवतं. केबिनमध्ये मी ब्रेक पाइपच्या काट्याकडे बघत बसलो होतो. काटा ५ किलो दाबावर, हलायला तयार नाही. चालकाचा हात विजेच्या ब्रेकच्या दांड्यावर, वळण आलं की किंचित पुढे, सरळ आलं की किंचित मागे. पायथ्याच्या स्टेशनावर तपासनीस कंदील घेऊन उभा होता. तिथे येणाऱ्या प्रत्येक गाडीला जळक्या ब्लॉकचा वास यायचा, रात्री चाकांभोवती ठिणग्यांची कडी दिसायची. त्याला तेच सवयीचं. त्याने सवयीप्रमाणे तळहाताची मागची बाजू पहिल्या चाकाजवळ नेली, मग टेकवलीच. दहा वाघिण्या तो तसाच हात टेकवत गेला. परत येऊन म्हणाला, "साहेब, ही गाडी खरंच वरून आलीय ना?"

आता क्षमतेचा मुद्दा. उतारावरचा वेग ठरवताना विचारायचा प्रश्न असा: या क्षणी तार मेली तर? रिजनरेटिव्ह ब्रेकला वीज घेणारं कोणीतरी लागतं. तारेचा पुरवठा गेला, पेंटोग्राफ तुटला, इंजिनाचा मुख्य ब्रेकर उघडला की हा ब्रेक त्याच क्षणी शून्य होतो. इंजिनात रेझिस्टन्सचा, म्हणजे मोटरची वीज इंजिनातच उष्णता करून सोडणारा, पर्यायी ब्रेक असेल तर तो सावरतो, नसेल तर फक्त हवा उरते. आपल्या उदाहरणातली गाडी त्यानंतर दर सेकंदाला ०.१८ मीटर प्रतिसेकंद इतका वेग पकडते. हवेचा ब्रेक पूर्ण लागेपर्यंत २० सेकंद धरले तर वेग ४० चा ५३ होतो. तिथून फक्त हवेच्या ब्रेकने गाडी थांबली पाहिजे. म्हणून विजेच्या ब्रेकवर विसंबून वेग वाढवणं मला कधीच मान्य झालं नाही, आणि थांबण्याच्या अंतरात त्याला धरू नये हा नियम योग्यच आहे.

मग वेग वाढतो कसा? जुन्या पद्धतीत उताराच्या मध्यावर गाडीची चाकं तापलेली, टाक्या अर्ध्या भरलेल्या असतात. तिथून आणीबाणीचा ब्रेक मारला तर जेवढी ताकद उरली असेल तेवढ्यावर वेगमर्यादा ठरते. नव्या पद्धतीत त्याच जागी चाकं थंड आणि टाक्या पूर्ण भरलेल्या असतात. आणीबाणीसाठी हवेचा ब्रेक अख्खा शिल्लक असतो. सुरक्षिततेचा नियम तोच ठेवून मर्यादा वर नेता येते ती या शिल्लकीच्या जोरावर.

आकड्यांत सांगायचं तर: वर जायला ताशी ४० ने २२.५ मिनिटं, खाली यायला ताशी २० ने ४५ मिनिटं, दोन्ही टोकांना क्रॉसिंग (समोरच्या गाडीला वाट देणं) आणि लाइन क्लिअर (पुढे जायची परवानगी) यांचे मिळून १० मिनिटं. वर जाणारी एक आणि खाली येणारी एक अशा एका जोडीला ७८ मिनिटं, म्हणजे चोवीस तासांत कागदावर १८ जोड्या. उतरायचा वेगही ४० झाला तर एका जोडीला ५५ मिनिटं आणि २६ जोड्या. देखभाल, बिघाड, उशीर यांच्यासाठी तीस टक्के कापा. १३ च्या जागी १८ उरतात. रूळ तोच, सिग्नल तेच. माथ्यावरची ब्रेक तपासणी मात्र काढू नका. "आता विजेचा ब्रेक आहेच" म्हणत ती काढायचा आग्रह होतो. गाडीतला हवेचा ब्रेक चालतो हे सिद्ध झाल्याशिवाय वर मांडलेला सगळा युक्तिवाद पोकळ आहे.

दोन ठिकाणी हा हिशेब बिघडतो आणि दोन्ही मी पाहिली आहेत.

पहिलं, कपलिंग आणि बफर. तिन्ही इंजिनं पुढे लावली तर मागच्या ३,००० टन वाघिण्या त्यांच्यावर रेलतात. पहिल्या वाघिणीवर जवळपास सगळे ६०० किलोन्यूटन दाबाच्या रूपात येतात. वळणावर, विशेषतः पुढे रिकामी किंवा हलकी वाघीण असेल तर, हा दाब तिला आडवी ढकलतो आणि चाक रुळावर चढू शकतं. म्हणूनच अनेक रेल्वे पुढच्या इंजिनांच्या एकूण विद्युत ब्रेकवर मर्यादा घालतात. इलाज सोपा आहे: चढताना मागे लावलेला बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, उतरतानाही मागेच ठेवा. तो मागून २०० किलोन्यूटन ओढून धरतो, पुढे ४०० च उरतात. बँकर वरून सुटा परत आणायची सवय असेल तर ती मोडावी लागेल. दोन्ही टोकांचा ताळमेळ रिमोटने किंवा निदान रेडिओवर हवा, आणि जोर वाढवताना-कमी करताना घाई नको. बळ पुरत नसेल तर हवेचा हलका ब्रेक लावून ठेवायचा आणि वरची दुरुस्ती विजेच्या ब्रेकने करायची, ही पद्धतही चांगली. चाकं कोमट होतात, तापत नाहीत. हवेचा ब्रेक टप्प्याटप्प्याने सोडता येणाऱ्या वाघिण्यांवर ती जास्त जमते.

दुसरं, न्यूट्रल सेक्शन. एसी मार्गावर दोन सबस्टेशनांच्या फेजमध्ये तारेचा मृत तुकडा ठेवावा लागतो आणि तिथून जाताना इंजिनाने तारेतून वीज घ्यायचीही नाही, द्यायचीही नाही. एका मार्गावर हा तुकडा सबस्टेशनच्या सोयीसाठी नेमका उताराच्या मध्यावर आला होता. प्रत्येक भरलेल्या गाडीला त्याच्या आधी विजेचा ब्रेक शून्यावर आणून हवेवर यावं लागे आणि पलीकडे पुन्हा उलटं. या अदलाबदलीत वाघिण्यांमधली ढिलाई एकदा ताणली जाई, एकदा आपटे. केबिनमध्ये तो धक्का पाठीत बसायचा. दोनदा कपलिंग तुटलं, आणि मग उतरायचा वेग सगळ्यांसाठीच पुन्हा खाली आणला गेला. इंजिनांवर केलेला खर्च काही मीटर तारेने फुकट घालवला याची हळहळ मला अजून वाटते. तो तुकडा माथ्याजवळच्या सपाटीवर सरकवल्यावर प्रश्न मिटला. तुमच्या मार्गाचा नकाशा घेऊन बसाल तेव्हा आधी न्यूट्रल सेक्शन कुठे आहेत ते बघा.

आता विजेकडे येतो. तिचाही क्षमतेशी संबंध आहे, पण वेगळ्या वाटेने. आपली गाडी ४० च्या वेगाने चढताना तारेतून साधारण ९.५ मेगावॅट घेते. तीच उतरताना नुकसान वजा जाता साडेपाच मेगावॅटच्या वर परत देते. दोघी एकाच वेळी एकाच फीडिंग सेक्शनमध्ये, म्हणजे एकाच सबस्टेशनवर चालणाऱ्या तारेच्या भागात, असतील तर सबस्टेशनवर भार उरतो चार मेगावॅटच्या आसपास. १५ किलोमीटरच्या उतारावर चढणारी गाडी जेवढी ऊर्जा खाते, तिच्या निम्म्याहून थोडी जास्त उतरणारी परत करते.

घाटात पुरवठा तोकडा असतो तिथे हे उपयोगी पडतं. २५ किलोव्होल्टच्या तारेचा दाब भाराखाली १९ किलोव्होल्टपर्यंत घसरू शकतो. दाब घसरला की आधुनिक इंजिन स्वतःच करंट कमी करतं आणि चढणारी गाडी रखडते. शेजारी दुसरी गाडी वीज देत असेल तर दाब टिकतो आणि चढणाऱ्या गाडीला पूर्ण जोर मिळतो. याची कमाल दिसली ती इटलीत. जिनोव्हा बंदरामागच्या जुन्या जोव्ही मार्गावर दर हजार मीटरला ३५ मीटरचा चढ आहे. १९१० साली तिथे थ्री-फेज वीज आली आणि ई ५५० इंजिनं धावू लागली. त्यांना ताशी २५ आणि ५० असे दोनच वेग होते. गाडी उतारावर त्या ठरावीक वेगाच्या किंचित वर गेली की मोटर आपोआप वीज परत द्यायला लागे. वेगळा दांडा ओढायचा नाही, काही नाही. वाफेच्या काळात तुंबलेला तो मार्ग मोकळा झाला. श्रेय सगळं या ब्रेकचं नाही, बोगद्यातला धूर गेला आणि ओढण्याचं बळही वाढलं, हे खरं. पण उतरणाऱ्या गाड्या ठरलेल्या वेगाने, न तापता खाली येऊ लागल्या हा त्यातला मोठा भाग होता. अमेरिकेत १९१५ मध्ये नॉरफोक अँड वेस्टर्नने एल्कहॉर्नच्या कोळसा-घाटात हाच गुण वापरला. एकेरी बोगद्यामुळे तिथे मार्ग अडला होता.

या मदतीवर वेळापत्रक उभारायचं का? मी उभारणार नाही. उतरणारी गाडी ऐन वेळी सिग्नलला थांबली की मदत गायब. सबस्टेशन ती नाही असं धरूनच बांधायचं. कंट्रोलरने मात्र जोड्या जुळवाव्यात: दोन पदरी घाटात किंवा लगतच्या सेक्शनमध्ये एक वर निघते तेव्हाच दुसरी खाली सोडली तर दोघींचं भलं होतं. वीज घ्यायला कोणीच नसेल तर तारेचा दाब चढतो. २५ किलोव्होल्टच्या मार्गावर कायमची वरची मर्यादा २७.५, क्षणिक २९. त्या बाजूला जाऊ लागलं की इंजिन ब्रेकच कमी करतं. एसीमध्ये ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांना चालतो, त्यामुळे वीज मागे ग्रिडमध्ये जाते आणि ही वेळ क्वचित येते. डीसी मार्गावर एसीचं डीसी करणारे डायोड रेक्टिफायर एकाच दिशेने चालतात, १५०० व्होल्टची तार १८०० ला आणि ३००० ची ३६०० ला पोचली की दार बंद. तिथे वीज ग्रिडमध्ये परत पाठवणारं इन्व्हर्टर सबस्टेशन किंवा साठवण नसेल तर उतारावर हा ब्रेक भरवशाचा नाही, आणि मग मघाचा थंड चाकांचा हिशेबही करता येत नाही. इंजिनात रेझिस्टन्स असायलाच हवेत.

गाड्यांची संख्या वाढवायच्या ऐवजी गाडीच मोठी करायची, हाही क्षमता वाढवायचा मार्ग आहे आणि एकेरी लाइनवर तोच अनेकदा जास्त चांगला. स्वीडनमधल्या किरुनाहून नॉर्वेतल्या नार्विक बंदराकडे जाणाऱ्या लोहखनिजाच्या गाड्या बघा. ५२ वाघिण्यांच्या गाड्या ६८ वाघिण्यांच्या झाल्या, आसभार ३० टनांपर्यंत नेला, एकेक गाडी ८,००० टनांच्या वर गेली. समुद्राकडे उतरणारी भरलेली गाडी वीज परत देते आणि तिच्यातला मोठा हिस्सा रिकाम्या गाड्या वर न्यायच्या कामी येतो. भरलेली बाजू उताराची, रिकामी बाजू चढाची: निसर्गाने इतका अनुकूल मार्ग सगळ्यांना दिलेला नाही. तुमची भरलेली गाडी वर जात असेल आणि रिकामी खाली येत असेल तर माझ्या वरच्या आकड्यांतला फायदा बराच आटेल, कारण रिकामी गाडी हवेच्या ब्रेकनेही फारशी तापत नाही.

सपाट मार्गावर अपेक्षा ठेवू नका. तीन इंजिनांचे ६०० किलोन्यूटन सपाटीवर या गाडीला ताशी ७२ वरून थांबवायला ११०० मीटर घेतील. चांगला हवेचा ब्रेक त्याहून कमी अंतरात थांबवतो. सिग्नलमधली अंतरं हवेच्या ब्रेकवरच ठरतात, ती एका मीटरनेही कमी होणार नाहीत. लोकल किंवा मेट्रोची गोष्ट वेगळी, तिथे बऱ्याच आसांना मोटर असते. इंजिनामागच्या मालगाडीत ब्रेक करणाऱ्या मोटरी फक्त इंजिनाच्या आसांवर. ब्लॉक कमी झिजतात, चाकं लेथवर कमी वेळा जातात, म्हणून वाघिण्या यार्डात कमी आणि मार्गावर जास्त राहतात, एवढा फायदा सगळीकडे मिळतो.

तुम्ही काय करावं? एका महिन्याचे प्रत्यक्ष धावण्याचे वेळ-आलेख काढा आणि फक्त खाली येणाऱ्या भरलेल्या गाड्या वेगळ्या करा. मिनिटं कुठे जातात ते लिहा: कमी वेग, माथ्यावरचा थांबा, पायथ्याची तपासणी, क्रॉसिंगची वाट. घाटाचा सेक्शनच सर्वांत लांब वेळ खाणारा नसेल तर उतरायचा वेग वाढवून हाती काही लागणार नाही. तो असेल तर आजच्याच वेगमर्यादेत रिजनरेटिव्ह ब्रेकवर गाड्या उतरवा आणि पायथ्याशी प्रत्येक वाघिणीच्या चाकांचं तापमान मोजा. त्यानंतर चाचणीची भरलेली गाडी घेऊन, माणसं आणि लाइन सुरक्षित करून, उताराच्या मध्यावर मुद्दाम ब्रेकर उघडा. वेग कुठपर्यंत गेला, गाडी किती मीटरवर थांबली, इंजिनाचा स्वतःचा हवेचा ब्रेक, जो विजेच्या ब्रेकच्या वेळी बंद ठेवलेला असतो, तो आपणहून परत आला का, हे नोंदवा. मगच मर्यादा पाच-पाच किलोमीटरने वर न्या आणि प्रत्येक पायरीला ही चाचणी पुन्हा करा. पहिली कोरड्या रुळावर चालेल. शेवटची मात्र पावसाच्या पहिल्या सरीनंतर, रुळावर धूळ आणि पाणी कालवलेलं असताना घ्या, कारण इंजिनाची चाकं घसरतात ती तेव्हा.